हिशोबाची वही वाचायची कुणी?

कुठल्याही बचत गटाच्या बैठकीला जा, सतरंजीवर मध्यभागी वह्यांची चळत दिसेल. बचतीची वही, कर्जाची खातेवही, रोजकीर्द, बैठकीचं इतिवृत्त, बँकेचं पासबुक. प्रत्येक प्रशिक्षणात बायकांकडून पंचसूत्री म्हणून घेतली जाते : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोबाच्या नोंदी. नोंदी लिहा, असं पाचवं सूत्र सांगतं. लिहिलेल्या नोंदी वाचा आणि त्यावरून आपल्या धंद्याचं काय करायचं ते ठरवा, असं कुठलंच सूत्र सांगत नाही.

हे सूत्र राहून गेलं ते सहज नव्हे. वही लिहिली जाते ती बँकेसाठी, तालुक्याच्या साहेबांसाठी, ऑडिटसाठी, आणि आता मोबाइलच्या ॲपमध्ये भरायच्या माहितीसाठी. आकडे गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून मुंबई-दिल्लीला जातात. वर बसलेली माणसं ते वाचतात आणि कुठल्या गटाला किती कर्ज द्यायचं, कुठलं मशीन द्यायचं, कुठला धंदा ‘फायद्याचा’ हे ठरवतात. ज्या बाईच्या कष्टातून तो आकडा निघाला, तिच्याकडे तो परत येतो तो फक्त उद्दिष्ट म्हणून किंवा हप्ता म्हणून. गेली काही वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या गटांबरोबर काम करताना माझं मत पक्कं झालं आहे की आपल्या धंद्याचे आकडे वाचता येणं आणि त्यावरून निर्णय घेता येणं, हा बायकांच्या हक्काचा प्रश्न आहे. तो हिशोबनिसावर सोपवून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

आकड्यांचं आपल्या चळवळीला वावडं कधीच नव्हतं. भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने १९७४ साली अहवाल दिला. १९०१ साली हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली ९३० उरल्या, हे त्यातून डोळ्यांसमोर आलं तेव्हा कितीजणी हादरल्या आणि कामाला लागल्या. इला भट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा ‘श्रमशक्ती’ हा अहवाल १९८८ साली आला आणि असंघटित कष्टकरी बाईचं काम देशापुढे मांडलं गेलं. सरकारशी भांडताना आपण आकडे वापरतो. मग आपलाच गट चटणी-पापड करून विकतो तेव्हा, ‘बायका चार पैसे मिळवतात हे काय कमी आहे?’ एवढ्यावर आपण का थांबतो? चार म्हणजे नेमके किती, आणि कशाच्या बदल्यात, हे विचारायला नको?

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी ठोकळ घेतले आहेत. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, पण रीत तीच राहील. दहा जणींचा एक गट शेंगदाण्याची चटणी, उडदाचे पापड आणि थालीपिठाची भाजणी अशा तीन वस्तू करतो. चटणी ३२० रुपये किलोने विकली जाते. शेंगदाणे, तिखट, लसूण, मीठ आणि पॅकिंग मिळून खर्च २०५, हाती उरले ११५. पापड ३०० रुपये किलो, खर्च १६०, उरले १४०. भाजणी १६० रुपये किलो. धान्य, दळण आणि पॅकिंग १२०, उरले फक्त ४०. बैठकीत बहुतेकजणी म्हणणार की पापड वाढवू या आणि भाजणी बंद करू या. वहीही तेच सांगते.

पण वहीत एक रकाना नाही. तो आहे वेळेचा. भिजवणं, कुटणं, लाट्या करणं, लाटणं, वाळवणं, मोजून भरणं असं सगळं धरलं तर किलोभर पापडाला एका बाईचे चार तास जातात. चटणीला सव्वा तास, भाजणीला अर्धा तास. आता हाती उरलेल्या रकमेला तासांनी भागा. पापडात तासाला ३५ रुपये पडतात, चटणीत ९२ आणि भाजणीत ८०. जी वस्तू पहिल्या नंबरवर होती ती शेवटी गेली, आणि जी बंद करायला निघालो होतो ती चटणीच्या जवळपास आली. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीची दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९ रुपये होतात. म्हणजे या उदाहरणातली ‘उद्योजिका’ पापड लाटून रोजगार हमीवरच्या मजुरणीपेक्षाही कमी मिळवते, आणि वर नफा झाला म्हणून तिचा सत्कार होतो!

वेळेचा रकाना वहीत का नसतो, याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे. बायका हे काम ‘फावल्या वेळात’ करतात, असं सगळे धरून चालतात. कुठला फावला वेळ? केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे, घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्यांत स्त्रीचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषाची ८८. जवळजवळ पाच तास घरकाम करून जी उरते, ती तिची फुरसत नव्हे, ती तिची झोप असते. घरातलं काम बिनमोल म्हणून मोजायचं नाही, आणि धंद्यातलंही तसंच मोजायचं नाही, असं चाललं तर तोट्यातला धंदा कायम नफ्यातच दिसणार. तोटा बाई अंगावर घेते आणि कागद कोराच राहतो.

म्हणून माझ्या मते पहिली शिकवण हीच असावी की आधी प्रश्न ठरवायचा आणि मग आकडा शोधायचा. ‘किती विकलं?’ या प्रश्नाला एक उत्तर येतं, ‘किलोमागे किती उरलं?’ याला दुसरं, आणि ‘माझ्या एका तासाला काय मिळालं?’ याला तिसरंच. तिन्ही उत्तरं खरी असतात. यातला कुठला प्रश्न विचारायचा हे ठरवण्यात सत्ता आहे. बँक पहिला विचारते कारण तिला उलाढाल बघायची असते. तिसरा आपणच विचारायला हवा, कारण दुसरं कुणी तो विचारणार नाही.

हाच हिशोब घासाघीस करतानाही कामाला येतो. समजा शहरातला व्यापारी म्हणाला, ‘महिन्याला पन्नास किलो चटणी घेतो, पण भाव २५०.’ मोठी ऑर्डर ऐकून हरखून जायला होतं. खर्च २०५ वजा केला तर किलोमागे ४५ उरतात, तासाला ३६ पडतात. रोजगार हमी बरी म्हणायची. पण कागद पुढे ठेवून बसलं की दुसरी वाटही दिसते. पॅकिंगचे १५ रुपये आहेत. ‘सुटी चटणी न्या, पुड्या तुमच्या तुम्ही भरा,’ असं म्हणता येतं. मग किलोमागे ६० उरतात आणि तासाला ४८. पुड्या भरण्याचा वेळ वाचला तो वेगळाच. किती खाली उतरायचं आणि कुठे उठून यायचं, हे जिला माहीत आहे तिचा आवाज व्यापाऱ्यासमोर बसत नाही.

दुसरी गोष्ट सरासरीची. सरासरी हा सरकारी कागदांचा आवडता आकडा, आणि बायकांना सगळ्यांत जास्त फसवणाराही तोच. आपल्या या गटाला वर्षाकाठी खर्च वजा जाता ९६,००० रुपये उरले असं धरू. सरासरी महिन्याला ८,०००. यावरून कर्ज देणारा सांगतो, ‘साठ हजारांचं कांडप मशीन घ्या, महिना ३,१०० चा हप्ता तुम्हाला सहज झेपेल.’ आता बाराही महिने एका ओळीत मांडा. दिवाळीच्या महिन्यात ३०,००० आले, उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांत १५,००० प्रमाणे आणखी ३०,०००. राहिले नऊ महिने आणि ३६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४,०००. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावले तर मधोमध येणारा आकडाही ४,००० चाच आहे. सरासरीतले ८,००० वर्षातल्या एकाही महिन्यात हातात आलेले नाहीत! त्या नऊ महिन्यांत ३,१०० चा हप्ता गेला की दहा जणींत ९०० रुपये उरणार, एकीला ९०. मग हप्त्यासाठी दुसरं कर्ज, आणि त्या कर्जासाठी तिसरं. २०१० साली आंध्र प्रदेशात सूक्ष्म कर्जाचं जे संकट उभं राहिलं, त्यात एकावर एक चढत गेलेल्या अशाच कर्जांचा मोठा वाटा होता. वसुलीसाठी दारात बसणारी माणसं आपल्याकडच्या वस्त्यांनाही नवी नाहीत.

तो ३,१०० चा हप्ता आला कुठून, हेही बघू. साठ हजार, १२ टक्के ‘फ्लॅट’, दोन वर्षं. दरवर्षी पूर्ण साठ हजारांवर व्याज धरलं, म्हणजे १४,४०० रुपये. पण आपण तर दर महिन्याला मुद्दल फेडत असतो. वर्षानंतर साठ हजार आपल्याकडे राहिलेलेच नसतात, तरी व्याज साठ हजारांवरच! तेच १२ टक्के घटत्या शिलकेवर धरले तर हप्ता सुमारे २,८२५ चा येतो आणि दोन वर्षांचं व्याज ७,८०० च्या आसपास. फ्लॅटचे १२ टक्के घटत्या शिलकेच्या भाषेत साडेएकवीस टक्क्यांवर जातात. ‘बारा टक्के’ हा शब्द दोन्हीकडे सारखा आहे, पण भरायचं व्याज जवळजवळ दुप्पट आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ सालच्या नियमांनी सूक्ष्म कर्ज देणाऱ्यांवर बंधन घातलं की कर्जाची खरी किंमत सोप्या माहितीपत्रकात कर्जदाराला दिली पाहिजे. पत्रक मागून घ्यावं हे खरंच, पण ते वाचता येत नसेल तर तोही एक कागदच.

याचा अर्थ मशीन घेऊच नये असा नाही. कांडप मशीनने चटणीचा सव्वा तास पाऊण तासावर आला तर तो अर्धा तास कुणाच्या मालकीचा आहे, त्यात आणखी चटणी करायची की घरी लवकर जायचं, वाढलेली चटणी विकली जाणार का, हप्ता दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यानंतर जास्त आणि एरवी कमी असा बांधून मिळेल का, हे प्रश्न गटाने विचारायचे आणि मग सही करायची. आज सही आधी होते आणि प्रश्न वसुलीच्या वेळी सुचतात.

तिसरी गोष्ट तुलनेची. भाव वीस रुपयांनी वाढवला आणि विक्री निम्म्यावर आली, म्हणून गट घाबरून भाव खाली आणतो. पण भाव वाढवला कधी? दिवाळीनंतरच्या महिन्यात. त्या महिन्यात विक्री दरवर्षीच उतरते. दिवाळीनंतरच्या महिन्याची तुलना दिवाळीशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केली तर भाववाढीचा दोष किती आणि दिवसांचा किती ते कळतं. तसंच विक्री एका गठ्ठ्यात न बघता वेगवेगळी करून बघावी. आठवडी बाजारात किती, प्रदर्शनात किती, घरबसल्या किती, उधारीत किती आणि त्यातली वसूल किती. प्रदर्शनात गल्ला मोठा दिसतो. जाण्यायेण्याचं भाडं, दोघींचे चार दिवस आणि परत आणलेला माल धरला की तो मोठेपणा टिकतो का, ते एकदा मांडून बघा.

एवढंच आहे सगळं. प्रश्न ठरवणं, वेळेसकट सगळा खर्च धरणं, वस्तूवार आणि महिन्यावार वेगळं करणं, सरासरीच्या मागे डोकावणं, सारख्याची सारख्याशी तुलना करणं, आणि जे ठरलं ते लिहून ठेवून तीन महिन्यांनी खरं-खोटं तपासणं. मोठ्या कंपन्यांत याच गोष्टींना भारदस्त इंग्रजी नावं आहेत आणि त्यांचे महागडे अभ्यासक्रम निघाले आहेत. पायाचं काम मात्र बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांच्या पलीकडे जात नाही. संगणक आला तर उत्तम, त्याने वेळ वाचेल. पण काय विचारायचं ते संगणक ठरवत नाही.

‘आमच्या बायका अडाणी, त्यांना हे जमणार नाही,’ असं म्हणणारे कार्यकर्ते मला भेटतात तेव्हा मी त्यांना म्हसवडची आठवण देते. सातारा जिल्ह्यातल्या या गावी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्याआधी बँकेचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता, कारण प्रवर्तक बायकांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायकांनी अक्षरं गिरवली, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो. ज्या बाईने सावकाराचं व्याज जन्मभर फेडलं आहे तिला टक्केवारी शिकवावी लागत नाही. तिला सराव लागतो, वेळ लागतो आणि हिशोबाच्या वेळी बाजूला न सारणारी माणसं लागतात.

लिहिता न येणाऱ्या बाईसाठी चिंचोके आहेत. कामाला बसली की दर तासाला एक चिंचोका डब्यात टाकायचा. पापडाचा डबा वेगळा, चटणीचा वेगळा. महिन्याअखेरीस सगळ्यांसमोर डबे उपडे करायचे. चिंचोक्यांचे ढीग शेजारी शेजारी पडले की वेगळ्या आलेखाची गरज राहत नाही. बारा महिन्यांची विक्री भिंतीवर खडूच्या पट्ट्यांनी काढता येते. आणि एक नियम कटाक्षाने पाळायचा : वही सचिवबाईच्या मुलाने किंवा नवऱ्याने घरी बसून लिहायची नाही. ती बैठकीत लिहायची आणि मोठ्याने वाचायची. पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे दहाजणींना माहीत असलं की एकीच्या नवऱ्याला परस्पर कर्ज उचलणं अवघड जातं.

आता एक आक्षेप, जो आपल्यातूनच येतो आणि मला महत्त्वाचा वाटतो. ‘तासाला किती पडले असं मोजायला लागलो तर आपण मालकासारखाच विचार करायला लागू. मग म्हाताऱ्या, आजारी, संथ हाताच्या बाईचं काय?’ प्रश्न रास्त आहे. वरच्या उदाहरणात पापड सर्वांत कमी पैसे देतात. पण गुडघे गेलेल्या बाईला बसल्या जागी करता येतं ते काम लाटण्याचंच. आकडा बघून पापड बंद केले तर चटणीतली तरुण बाई राहील आणि ही घरी जाईल. म्हणून ‘कुठली वस्तू?’ या प्रश्नाबरोबर ‘कोणासाठी?’ हाही प्रश्न लावून घ्यावा लागतो. गट ठरवू शकतो की पापड चालू ठेवायचे, भाव वाढवून बघायचा, आणि लाटणीची मजुरी किलोमागे खर्चातच आधी धरायची. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडात लाटणाऱ्या बहिणींना किलोवर वणाई मिळते. लाटणं हे मजुरीचं काम आहे, हे तिथे मान्य केलेलं आहे. चटणीतल्या पैशांतून पापडाला आधार द्यायचा असंही दहाजणी मिळून ठरवू शकतात. तो निर्णय पैशाच्या हिशोबात तोट्याचा आणि माणुसकीच्या हिशोबात शहाणपणाचा असेल. फरक इतकाच की तो आंधळेपणाने होणार नाही. किती तोटा, कुणासाठी आणि कुठवर, हे सगळ्यांना माहीत असेल. आकडे निर्णय घेत नाहीत. निर्णय घेणाऱ्यांना ते लपू देत नाहीत.

मैत्रिणींनो, समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संख्याशास्त्र शिकवलं जातं. त्यातलं बरंचसं प्रबंधात खर्च होतं आणि प्रबंध कपाटात जातो. ते वस्तीत, गटाच्या सतरंजीवर आणणं हे आपलं काम आहे. साक्षरतेच्या वर्गात आपण सहीपासून सुरुवात केली होती, कारण अंगठ्यावर बायकांची जमीन जात होती. आज बाई सही करते, आणि जे वाचता येत नाही अशा हप्त्याच्या तक्त्यावर करते. पुढची पायरी चढायला नको?

तेव्हा माझी सूचना साधी आहे. पुढच्या तीन महिन्यांत आपापल्या एका तरी गटात वहीला वेळेचा रकाना जोडा. एका वस्तूचा तासाचा हिशोब काढा. वर्षाचे बारा महिने भिंतीवर मांडा. कर्ज असेल तर घटत्या शिलकेवर किती टक्के पडतात ते काढायला लावा. आपल्याला येत नसेल तर बँकेतल्या बाईंना बैठकीला बोलवा आणि सगळ्यांसमोर काढून घ्या. आणि त्यातून गटाने काय ठरवलं, कुठलं काम सोडलं, कुठला भाव वाढवला, कुठल्या कागदावर सही करायची नाकारली, ते अंकासाठी लिहून पाठवा. यशच कळवायला हवं असं नाही. हिशोब चुकला, अर्ध्यात राहिला, घरच्यांनी वही हिसकावली, तेही लिहा. इतकी वर्षं आपले आकडे फक्त वर पाठवले. आता थोडे एकमेकींना पाठवू.